नसलेल्या कार्डाचा ड्रायव्हर आणि धोंड्याचं जेवण

माझी नात घरी बसून काय काम करते, हे तिने मला चार वेळा समजावून सांगितलं. पहिल्या तीन वेळा मी नुसती मान हलवली, कारण गॅसवर काही ना काही होतं. चौथ्या वेळी दूध, भाजी काहीच चढवलेलं नव्हतं, म्हणून ऐकलं. ऐकल्यावर वाटलं, आधीच्या तीन वेळाच बऱ्या होत्या.

मी सातपूरला राहते. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. इथे जे तयार होतं त्याला वजन असतं. पायावर पडलं तर बोट जातं. माझा मुलगा आणि सून दोघंही अशाच वजनदार वस्तूंच्या कारखान्यात आहेत. नात जे बनवते ते पायावर पडत नाही, हातात येत नाही, दिसतही नाही. ती नसलेल्या यंत्रांसाठी नसलेल्या वस्तू बनवते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तिनेच असं सांगितलं.

एक मोठा संगणक असतो. त्याच्या पोटात दहा-वीस खोटे संगणक चालवतात. प्रत्येक खोट्याला वाटतं की मी खरा, मी एकटा, आणि हे सगळं माझंच. त्या खोट्यांना ह्या लोकांच्या भाषेत पाहुणे म्हणतात आणि मोठ्याला यजमान. मी त्याला घर म्हणते. आता पाहुणा उठल्या उठल्या विचारतो, माझं नेटवर्कचं कार्ड कुठे आहे? त्याच्यासाठी वेगळं कार्ड नसतंच. मग दोन रस्ते. पहिला रस्ता म्हणजे सोंग करायचं. घराने त्या कार्डाचा एकेक खिळा, एकेक दिवा खोटा उभा करायचा आणि पाहुण्याने बोट लावलं की हातातलं काम टाकून त्या त्या खिळ्यासारखं वागायचं. त्यात घर दमून जातं आणि सगळं रखडतं. दुसरा रस्ता म्हणजे पाहुण्याला सरळ सांगायचं, बाबा रे, तू पाहुणा आहेस, इथे कार्ड-बिर्ड काही नाही. तुला जे पाठवायचं ते ह्या फळीवर ठेव, आम्ही उचलतो. तुझ्यासाठी आलेलंही तिथेच ठेवतो, तू उचल.

ह्या दुसऱ्या रस्त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी चौथी शिकले आहे. ते नाव मला म्हणता येतं, पण लिहिताना दोनदा खोडलं, तेव्हा राहू दे. त्या फळीवरची ठेव-उचल बघणारा जो कार्यक्रम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा अर्धा तुकडा पाहुण्यात बसतो आणि अर्धा घरात. हे दोन्ही तुकडे कसे असावेत, कोणी कधी काय करावं, हे ठरवायचं काम नातीचं.

"म्हणजे तू घराला पाहुण्याशी खरं बोलायला शिकवतेस," मी म्हटलं.

"हो, तसंच."

"मग त्याला एवढं शिक्षण कशाला लागलं?"

ती उठून आत निघून गेली. आमच्या घरात ही पद्धत आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की गेल्या अधिक महिन्यात ह्या ड्रायव्हरने नातीला रडकुंडीला आणलं. आठ महिने खपून तिने तो मुळापासून स्वतः आखला होता. त्याआधी दोन वर्षं ती दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून द्यायची. चुका शोधणाऱ्याचं कोणी कौतुक करत नाही, हे मला सासूच्या अनुभवावरून माहीत आहे. आता पहिल्यांदा तिला तिचं स्वतःचं काहीतरी मिळालं होतं, आणि ते अडकत होतं.

अडकायचं कसं, तर भरपूर काम दिलं की दिवसभर उत्तम. काम कमी केलं की मध्येच गप्प. कधी दहा मिनिटांनी, कधी तासाने. बघावं तर फळीवर एक वस्तू तशीच पडलेली आणि दोन्हीकडचे निवांत झोपलेले. फळीवर वस्तू ठेवली की पाहुण्याने घंटा वाजवायची, अशी तिची व्यवस्था होती. त्यामुळे तिला संशय घंटेचा. घंटा वाजते पण कुठेतरी हरवते, असं धरून ती आठ दिवस घंटेच्या मागे लागली होती. घंटा सापडत नव्हती.

नातीच्या पुण्याच्या साहेबीणबाईंनी गुरुवारी दुपारी चारची वेळ दिली होती. हलकं काम लावून अर्धा तास ड्रायव्हर चालवून दाखवायचा. अडकला तर तो दुसऱ्या एका मुलाच्या हातात देणार आणि नात परत चुका शोधायच्या कामावर. हे त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

नातीने केस विंचरणं सोडलं. जेवायला बसली की भात चिवडत बसायची. मला दया आली असं नाही. तिचा उरलेला भात रोज मलाच संपवावा लागायचा आणि डॉक्टरांनी मला भात बंद केलेला आहे. म्हणून मी म्हटलं, "कर ते काय करायचंय ते लवकर."

आणि नेमका त्याच गुरुवारी जावई यायचा होता.

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे जेवायला घालायचे असतात. माझे जावई चांदवडचे, कांद्याचे व्यापारी. वय सत्तावन्न. गुडघे माझ्यापेक्षा वाईट, पण जावई तो जावई. त्यांना दुसरा कुठला दिवस चालेना, कारण लिलाव बंद असलेला तोच एक दिवस. मुलाची आणि सुनेची त्या दिवशी दिवसपाळी, सुट्टी मिळाली नाही. म्हणजे घरात मी आणि नात. नात म्हणजे नसल्यासारखीच.

जावयासाठी आम्ही काय काय करतो ते लिहिते, म्हणजे कळेल. शेजाऱ्यांचा कूलर आणला. दुसऱ्या शेजाऱ्यांकडून चांदीचं ताट आणलं. सोफ्यावरचा फाटका भाग चादरीने झाकला. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. कूलरची वायर पुरेना म्हणून तो दारातच ठेवला, तर त्याचा सगळा वारा जिन्यात जायला लागला. नात पाणी प्यायला बाहेर आली आणि हे बघून म्हणाली, "आजी, हेच ते सोंग. पाहुण्याला त्याच्या घरच्यासारखं वाटावं म्हणून तू एकेक खिळा खोटा उभा करतेयस."

"मग? खरं सांगू त्यांना? आमच्याकडे कूलर नाही म्हणून?"

"सांग की. त्यांना सांग, मी एकटी आहे, माझे गुडघे दुखतात, तुम्ही थोडी मदत केलीत तर जेवण गरम मिळेल. पाहुणा समजूतदार असला की घर सुखी."

माझे गुडघे खरंच दुखत होते. धोंडे तळायचे आत, वाढायचं बाहेर, म्हणजे दर धोंड्याला एक फेरी. आमच्या स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीमध्ये भिंतीला खिडकी आहे. मी पुष्कळ वर्षं कामगारांची खानावळ चालवली, तेव्हाची ती. खिडकीला ताटाएवढी रुंद, पाटावर बसल्याजागी हात पोचेल इतकी खाली फळी आहे. मी विचार केला, जावई खिडकीजवळ बसतील. रिकामी वाटी फळीवर ठेवतील, मी भरून परत ठेवीन. काय वाईट आहे?

जावई आले. सोबत माझी मुलगी आणि कांद्याचं अर्धं पोतं. मी सगळं सरळ सांगितलं. मला वाटलं, रागावतील. पण ते खूश झाले.

"लय बेस, मामी," ते म्हणाले. मला ते मामी म्हणतात. "मागल्या धोंड्याला तुम्ही चौघीजणी चार बाजूंनी वाढत व्हत्या. नाय म्हणलं की दोन, बास म्हणलं की चार. दोन दिस ओव्यावर काढले मी. ह्या टायमाला मला पायजे तेव्हढंच. मी वाटी ठेवीन, तुम्ही भरा."

"आणि मला कळावं म्हणून चमच्याने वाटी वाजवा," मी म्हटलं.

"वाजवीन. पर एकदाच. जावई हाय मी, भांडी इकायला नाय आलो."

दोघांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पाय धुतले, ओवाळलं. जावयांना नवा टॉवेल दिला तो त्यांनी खांद्यावर टाकला आणि शेवटपर्यंत काढला नाही. मग जेवण सुरू झालं. आमरस, धोंडे, भजी, कटाची आमटी, कुरडई.

सुरुवातीला मी खिडकीपाशीच उभी होते. जावई भराभर जेवत होते. दर मिनिटाला वाटी फळीवर यायची आणि टण् करून वाजायची. मी समोरच उभी, आणि हे कानाशी टण् टण् करतायत. डोकं उठलं. मी म्हटलं, "जावईबापू, मी बघतेच आहे. मी इथे उभी आहे तोवर वाजवू नका. नुसती ठेवा."

ते थांबले. वाटी यायची, मी भरायचे. छान चाललं होतं. मग वेग कमी झाला. मी खिडकीत बघितलं, फळी रिकामी होती. म्हटलं, आता जरा बसावं. गॅस बारीक केला. पदराला हात पुसले. मग स्टुलाकडे वळता वळता मोठ्याने सांगितलं, "मी आता बसतेय हो! आता काही लागलं तर वाजवा!"

आणि बसले. भिंतीला पाठ टेकली. बाहेर शांत होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, पोट भरलं असेल, गप्पा मारत असतील. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी धोंड्यांचं उरलेलं पुरण थोडं चाखलं. पंधरा मिनिटांनी बाहेरून पाट सरकल्याचा आवाज आला आणि मग जावयांचा.

"चल गं, उठ. निघू आपण."

मी उठून खिडकीत गेले. फळीवर आमरसाची रिकामी वाटी ठेवलेली. तिच्या कडेवर माशी बसलेली. माशीमागे जावयांचं तोंड.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचं? पंधरा मिनटं वाटी ठेवून बसलो हाय. आत तुम्ही निवांत. चांदवडहून मी काय रिकामी वाटी बघायला आलो का?"

"मग वाजवायचं ना! मी सांगितलं होतं वाजवा म्हणून."

"ते म्यां ऐकलं. पर तुमी म्हणायच्या आधीच ठेवली व्हती मी. तवा वाजवू नका, असाच हुकूम व्हता. मग ठेवलेल्या वाटीसाठी परत कशापायी वाजवू? मागितलेलं परत मागायचं म्हंजे भीक मागितल्यागत."

मुलगी मध्ये पडली. "आई, तुला कमी ऐकू येतं ते माहीत होतं. आता दिसतही नाही का?"

"तू शेजारी बसली होतीस ना? तुला हाक मारता आली नाही?"

"ह्यांनी मला डोळ्याने गप्प बसवलं. म्हणाले, बघू किती वेळ लावते तुझी आई."

जावयाची जात अशी असते. उपाशी बसेल, पण दुसऱ्यांदा वाटी वाजवणार नाही. आणि मला सांगा, मी तरी का उठून बघावं? वाजवा म्हणून सांगितलेलं, वाजलं नाही, म्हणजे काही नको. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि मधे माशी रस खातेय.

आवाज ऐकून नात बाहेर आली. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल. तिने काय झालं विचारलं. जावयांनी सगळं परत सांगितलं, थोडं वाढवून. आता नात माझ्या बाजूने बोलेल किंवा त्यांच्या, असं मला वाटलं. तिने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. ती वाटीकडे बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही वाटी ठेवलीत ती आजी 'वाजवा' म्हणाली त्याच्या आधी, नक्की?"

"नक्की. देवाशपथ."

"आजी, तू खिडकीत बघितलंस तेव्हा फळी रिकामी होती?"

"होती. मी काय आंधळी आहे?"

"मग बघितल्यावर लगेच 'वाजवा' म्हणालीस?"

"लगेच कशी? गॅस बारीक केला. हात पुसले. मग म्हणाले."

"तेवढ्यात!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की कुरडई जावयांच्या हातातून पडली. "तेवढ्यात ठेवली! घंटा हरवली नाही! घंटा वाजलीच नाही!"

ती टाळ्या वाजवत गोल फिरली. जावयांचं तोंड बघण्यासारखं झालं. चांदवडच्या बाजारात ज्यांना लोक वाकून नमस्कार करतात, ते इथे पंधरा मिनिटं उपाशी राहिले आणि पोरगी टाळ्या वाजवतेय.

"आई, हिला काय झालं?" मुलगी म्हणाली.

"आठ दिवस भात नीट खाल्लेला नाही," मी म्हटलं.

मग नातीने सांगितलं. तिच्या ड्रायव्हरमध्ये हेच होतं. घर कामात असलं की पाहुण्याला सांगतं, वाजवू नकोस, मी बघतोय. फळी रिकामी झाली की घर सांगतं, आता वाजव, मी झोपतो. पण फळी बघणं आणि सांगणं, ह्यांच्यामध्ये एक चिमूटभर वेळ जातो. पाहुण्याने त्या चिमटीत वस्तू ठेवली, की ती न वाजवता ठेवलेली. मग घर वाजायची वाट बघतं, पाहुणा वाढायची.

"पण मग काम भरपूर असलं की का अडकत नाही?" हे मी विचारलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं. तिचं रडगाणं ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसलं होतं.

"तू सांग. तुझ्या खानावळीत कधी असं झालं होतं?"

मी आठवून बघितलं. "नाही. चाळीस माणसं असायची. एकाची वाटी राहिली तरी दुसरा कोणीतरी लगेच ताट आपटायचा. मग मी बघायचेच, तेव्हा पहिल्याचीही दिसायची."

"तेच! गर्दी असली की पुढचा वाजवतो आणि मागचा सुटतो. एकच पाहुणा असला की मेला."

"मेला कुनाला म्हनती?" जावई म्हणाले.

घड्याळात दीड वाजला होता. चारला दाखवायचं होतं. नात हातात पेन घेऊन भिंतीवर काहीतरी खरडायला लागली, भिंतीला नुकताच रंग दिलेला असूनही. घंटा कायमची चालू ठेवावी का, तर मग सगळं हळू होईल. घराने झोपूच नये का, तर मग वीज जळेल. मी थोडा वेळ ऐकलं.

"एवढं काय त्यात?" मी म्हटलं. "वाजवा म्हणून सांगितलं की बसायच्या आधी एकदा वळून फळी बघायची. ठेवलेलं असलं तर भरायचं. नसलं तर बसायचं. सांगितल्यानंतर जो ठेवील तो वाजवीलच."

ती पेन धरून उभी राहिली. "आधी सांगायचं, मग बघायचं."

"हो."

"मी उलटं केलंय. आधी बघायचं, मग सांगायचं."

"मीही उलटंच केलं, म्हणून तर हे बसलेत रुसून."

तिला खात्री करून बघायची होती. म्हणजे काय, तर जावयांनी परत पाटावर बसायचं आणि त्या चिमटीत बरोबर वाटी ठेवायची. जावई म्हणाले, मी चाललो. नातीने त्यांना सांगितलं की काका, ह्या सगळ्या प्रकारात पाहुणा सगळ्यात महत्त्वाचा असतो, तोच नसेल तर आमची कंपनीच नसेल. जावई हळूच परत बसले. टॉवेल नीट केला.

"पहिल्यांदा जुन्या पद्धतीने," नात म्हणाली. मी बघितलं, गॅस बारीक केला, हात पुसले, ओरडले. जावयांनी मधेच वाटी ठेवली. अडकलं. "आता नव्या पद्धतीने." मी गॅस बारीक केला, हात पुसले, ओरडले, वळून बघितलं. वाटी होती. भरली. नात म्हणाली, परत. परत केलं. ओरडायच्या जरा आधी ठेवा, ओरडताना ठेवा, ओरडून झाल्यावर ठेवा. दर वेळी वाटी भरायचीच, कारण रिकामी परत देणं मला जमत नाही, आणि भरलेली परत देणं जावयांना जमत नाही. ते सगळ्या वाट्या पीत होते.

"ह्याच्यापेक्षा," सहाव्या वाटीनंतर ते म्हणाले, "रसाचं पातेलंच माझ्याजवळ ठेवा की. वाजवायचं नाय, बघायचं नाय. माझं मी घेतो."

नात हसली. "काका, ते पण करतात आमच्यात. एका पाहुण्याला वस्तूच देऊन टाकायची. फार वेगाने चालतं."

"मग?"

"मग दुसऱ्या पाहुण्याला काही उरत नाही."

"दुसऱ्याचं मला काय करायचंय?" जावई म्हणाले. माझ्या मुलीने त्यांच्याकडे बघितलं. तिला अजून एकच वाटी रस मिळाला होता.

एकदाही अडकलं नाही. नात आत पळाली. आतून टकटक ऐकू यायला लागली. मी विचारलं, किती मोठं काम आहे? ती म्हणाली, तीन ओळी. आठ महिन्यांचं काम, आठ दिवसांचं रडणं, आणि तीन ओळी. मी भांडी गोळा केली.

चार वाजता सगळे तिच्या खोलीत. मी आणि मुलगी पलंगावर बसणार होतो, पण जावई आधीच तिथे ऐसपैस बसले होते. मला बोलावलं तर मी बघणारच, असं ते म्हणाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पडद्यावर पुण्याच्या बाई आल्या. आवाज खरंच गोड होता.

"मागे कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

नातीने वळून बघितलं. कपाळभर कुंकू, खांद्यावर टॉवेल, मिशीला आमरस. "माझे काका. ते आज... पाहुणे आहेत."

बाईंनी हलकं काम लावलं. अर्धा तास सुरू झाला. पडद्यावर एक आकडा होता. दर थोड्या वेळाने तो एकाने वाढायचा. आकडा वाढला की सगळं ठीक. बाकी काहीही घडायचं नव्हतं. काहीही न घडणं बघत आम्ही पाचजण अर्धा तास बसलो. खानावळीत मी असं कोणाला बसू दिलं नसतं.

दहा मिनिटांनी जावई झोपले. पंधराव्या मिनिटाला घोरायला लागले. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे काही यंत्र चालू आहे का?" मुलीने त्यांना चिमटा काढला. ते दचकून म्हणाले, "वाजवू का?" आणि परत झोपले.

विसाव्या मिनिटाला आकडा थांबला.

मी मोजत होते. मघापेक्षा जास्त वेळ झाला. नातीचे खांदे वर गेले. बाई म्हणाल्या, "हं." नुसतं हं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे अडकलं तर वाईट होईल. उद्यापासून ही पोर परत दुसऱ्यांच्या चुका काढत बसणार, आणि त्या सवयीने घरातल्याही काढणार. मी आकड्याकडे असं बघितलं जसं मी उतू जाणाऱ्या दुधाकडे बघते.

आकडा वाढला.

"काम मुद्दाम फार हलकं ठेवलंय," नात म्हणाली. "एवढ्या वेळाने एकच येतंय."

"हो, मीच कमी केलं आत्ता," बाई म्हणाल्या. "बघत होते अडकतो का." एवढ्या गोड आवाजाची बाई इतकी लबाड असेल असं वाटलं नव्हतं. मला ती आवडली.

अर्धा तास झाला. अडकला नाही. बाईंनी विचारलं, चूक सापडली कशी? नातीने खरं सांगितलं. खिडकी, वाटी, सगळं. बाई आधी गंभीर होत्या. मग विचारलं, "किती वाट्या प्यायले ते?"

"सात," नात म्हणाली.

"नऊ," जावई झोपेतून म्हणाले.

बाई हसत हसत म्हणाल्या की ड्रायव्हर तुझ्याकडेच राहू दे, पुढचंही तूच बघ. फक्त काय चूक होती आणि काय बदललं ते नीट लिहून नोंद कर. मग पडदा काळा झाला. नात खुर्चीत मागे रेलली आणि छताकडे बघत राहिली. मुलीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर बोटं केसात अडकली.

थोड्या वेळाने तिने ती नोंद लिहिली. जावई आता पूर्ण जागे होते. म्हणाले, "मराठीत सांग काय लिवलंस."

नातीने वाचलं. "घर झोपण्याआधी फळी परत बघत नव्हतं, म्हणून पाहुण्याची मागणी पडून राहत होती. पाहुण्याचं वागणं बरोबर होतं. चूक घराची होती. दुरुस्त केली."

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"ही कागदावर दे उतरून. मराठीत. तारीख टाक." त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढून दिलं. नातीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दे. तिने उतरून दिलं. जावयांनी कागदाच्या चार घड्या करून तो सदऱ्याच्या वरच्या खिशात घातला, वरून थापटला, आणि मुलीला म्हणाले, "इंजिनेर पोरीनं लेखी दिलंय. पाव्हणा बरोबर व्हता."

चूक माझी होती हे मला कागद न वाचताच माहीत होतं. पण तोंडाने कबूल केलं असतं तर पुढच्या अधिक महिन्यात ते पाट घेऊन थेट गॅसपाशीच येऊन बसले असते. म्हणून मी नातीला एवढंच म्हटलं, "ड्रायव्हर राहिला ना तुझ्याकडे? मग केस विंचर आणि ह्यांना चांदवडच्या गाडीत बसवून ये. आणि तो कूलर आता बंद कर, जिना गारठला."